त्रूव्हीलची वाळू

समुद्रावरून घरी आल्यावर दोन-तीन दिवस वाळू निघत राहते. टॉवेल झटकला की निघते, चपलेच्या पट्ट्याखालून निघते, पिशवीच्या तळाशी हात घातला की नखात शिरते. कितीही झटकली तरी थोडी उरतेच. क्लोद मोनेच्या एका चित्रात अशीच थोडी वाळू उरली आहे आणि तिला आता दीडशेहून अधिक वर्षं झाली आहेत. चित्राचं नाव ‘त्रूव्हीलचा किनारा’. १८७० सालच्या उन्हाळ्यात केलेलं हे तैलचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिथल्या तज्ज्ञांनी त्याचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा रंगाच्या थरात वाळूचे कण आणि शिंपल्यांचे बारीक तुकडे रुतलेले आढळले. रंग ओला असताना किनाऱ्यावर वारा होता, हे त्या कणांनी परस्पर सांगून टाकलं.

आपल्याकडे कलाशाळेतली मुलं नदीकाठी किंवा देवळाच्या घाटावर लँडस्केपला बसतात, तेव्हा ओल्या कागदावर धूळ येऊन बसते, किडा चिकटतो, आणि मुलं वैतागतात. मोनेही वैतागला असेल. पण त्याने चित्र टाकून दिलं नाही, कण वेचतही बसला नाही. ज्या वाळूचं चित्र तो काढत होता तीच वाळू चित्रात येऊन बसली. म्हणून या चित्राकडे मला एखाद्या दुपारचं वर्णन म्हणून पाहता येत नाही. त्या दुपारचा एक तुकडाच समोर टांगलेला आहे असं वाटत राहतं.

चित्र अगदी लहान आहे. उंची साधारण ३८ सेंटिमीटर, रुंदी ४६. म्हणजे जेवायला बसायच्या पाटाएवढं. त्यात दोन बायका खुर्च्यांवर बसल्या आहेत. डावीकडची पांढऱ्या पोशाखात, डोक्यावर फुलांची टोपी. उजवीकडची काळपट कपड्यांत, मान खाली, वाचनात गढलेली. दोघी छत्र्यांच्या आडोशाला आहेत. दोघींच्या मधे एक रिकामी लाकडी खुर्ची. मागे किनारा, माणसांचे चार ठिपके, आणि वर ढगाळ, पण उजेडाने भरलेलं आकाश. बस्स. काही घडत नाही. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, आपल्याकडेही बघत नाहीत. पांढऱ्या पोशाखातली मोनेची बायको कामीय. दुसरी बहुधा चित्रकार यूजेन बूदँची बायको असावी असं मानतात.

हा बूदँ महत्त्वाचा. मोने फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातल्या ल हाव्र या बंदराच्या गावात वाढला. शाळकरी वयात तो गावातल्या लोकांची व्यंगचित्रं काढून विकायचा. त्याला उघड्यावर घेऊन जाणारा, आकाशाकडे बघायला लावणारा माणूस म्हणजे बूदँ. मोनेपेक्षा सोळा वर्षांनी मोठा, नॉर्मंडीच्याच किनाऱ्यावर जन्मलेला. १८६० च्या दशकात याच किनाऱ्यावरचं त्रूव्हील पॅरिसच्या पैसेवाल्यांची हवा खायची जागा झालं. १८६३ मध्ये तिथे रेल्वे आली, आणि पॅरिसचा माणूस काही तासांत समुद्रावर पोचू लागला. बूदँने या गर्दीची कितीतरी चित्रं केली. आडवी, लांबट चित्रं. मधोमध फुगीर झग्यांतल्या बायकांची, टोपीवाल्या पुरुषांची एक रांग, खाली वाळूचा पट्टा, वर भलं मोठं आकाश. ही चित्रं सुंदरच आहेत, पण त्यांतला चित्रकार लांब उभा आहे. माणसं त्याला जत्रेतल्या गर्दीसारखी दिसतात, रंगीत आणि अनोळखी.

मोनेने गुरूचाच किनारा घेतला, गुरूचाच विषय घेतला, आणि उठून पुढे जाऊन बसला. एवढीच हालचाल. पण तिने सगळं बदललं. ‘त्रूव्हीलचा किनारा’ मधल्या बायका इतक्या जवळ आहेत की चौकटीत मावत नाहीत. खालच्या कडेने त्यांचे झगे कापले गेले आहेत. समुद्रावर सतरंजी टाकून बसल्यावर शेजारचं माणूस जसं दिसतं, अर्धं, तिरकं, डोळ्याच्या कोपऱ्यातून, तशा त्या दिसतात. बघणारा उभा नाही, तोही त्यांच्याच पातळीवर बसला आहे. उघड्यावरच्या रोजच्या जगण्याचं चित्र काढायचं तर त्या जगण्यात आधी स्वतः जाऊन बसायला हवं, हे या चित्राच्या रचनेतच आहे.

हे मोनेला पहिल्या प्रयत्नात जमलेलं नव्हतं. चारच वर्षांपूर्वी, १८६६ मध्ये, त्याने ‘बागेतल्या स्त्रिया’ हे चित्र उघड्यावरच करायला घेतलं होतं. तो कॅनव्हास अडीच मीटरहून उंच. वरच्या भागापर्यंत हात पोचेना, म्हणून त्याने बागेत चर खणला आणि कप्पी लावून कॅनव्हास त्यात खालीवर करायची सोय केली. चित्रातल्या बहुतेक बायकांसाठी कामीयच वेगवेगळे पोशाख घालून उभी राहिली. असं सांगतात, की कूर्बे हा ज्येष्ठ चित्रकार तिथे आला तेव्हा मोने नुसताच बसून होता. ऊन नाही, म्हणून पानंसुद्धा रंगवणार नाही, असं त्याचं म्हणणं. एवढं करून चित्र शेवटी दुसऱ्या गावी, खोलीत पुरं करावं लागलं, आणि १८६७ च्या सलाँ या सरकारी प्रदर्शनाने ते नाकारलं. मित्र फ्रेदेरिक बाझीय याने मदत म्हणून ते अडीच हजार फ्रँकला घेतलं, महिना पन्नासच्या हप्त्याने. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. बघायला देखणं, पण त्यातल्या बायका थोड्या ताठरच वाटतात. ऊन खरं आहे, पण माणसं त्या उन्हात ठेवल्यासारखी दिसतात.

चूक कुठे होती? मोनेने स्टुडिओतलं मोठं चित्र उचलून बागेत नेलं होतं. ऊन तासाभरात हलतं आणि कॅनव्हास भरायला महिने लागतात. या दोन घड्याळांचा मेळ बसणं शक्य नव्हतं. त्रूव्हीलला त्याने कॅनव्हास लहान केला. जेवढा वेळ उजेड एकसारखा राहील, जेवढा वेळ एक बाई खुर्चीवर बसून राहील आणि दुसरी वाचत राहील, तेवढ्या वेळात भरेल एवढं चित्र. म्हणून त्याचं पाटाएवढं असणं मला त्याच्या अर्थाचाच भाग वाटतं.

साधनंही त्याच बेताची होती. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये धातूच्या, दाबता येणाऱ्या रंगनळीचं पेटंट घेतलं. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांतून मिळायचा. पिशवीला भोक पाडायचं, रंग पिळायचा, मग ते भोक बुजवत बसायचं. नळीला झाकण आलं आणि दहा-बारा रंग पेटीत टाकून चित्रकार आगगाडीत बसू शकला. चपट्या, धातूची पकड असलेल्या कुंचल्यांनी रुंद, सलग फटकारा मारता येऊ लागला. पण हत्यार मिळालं म्हणून चित्र होत नाही. ते कसं झालं हे बघायला कामीयच्या झग्याजवळ जायला हवं.

लांबून तो झगा पांढरा दिसतो, कापडाच्या घड्या, चुण्या, वजन सगळं जाणवतं. नाक चित्राला लागेल इतकं जवळ गेलं की झगा नाहीसा होतो. उरतात फक्त रुंद, जाड, झपाझप ओढलेले फटकारे. शिशाचा सफेदा कुंचल्यावर भरपूर घ्यायचा आणि एका दमात ओढायचा, कुंचल्याच्या केसांच्या रेघा रंगात तशाच ठेवायच्या, असा तो हात आहे. मोनेने कॅनव्हासला फिकट करडं अस्तर दिलं होतं, आणि ते त्याने सगळीकडे झाकलेलं नाही. दोन फटकाऱ्यांमधल्या फटीत ते करडं तसंच राहिलं आहे, आणि लांबून तेच सावलीचं काम करतं. म्हणजे झग्याची सावली काही ठिकाणी रंगवलेलीच नाही, राहू दिली आहे. एखादा चांगला गायक दोन स्वरांमधे जागा सोडतो आणि ऐकणारा ती आपण होऊन भरतो, तसं.

उजवीकडच्या काळपट पोशाखात याच्या उलट. मोने आणि त्याच्या सोबत्यांनी, म्हणजे इम्प्रेशनिस्टांनी, काळ्या रंगाला हद्दपार केलं असं आपण सरसकट म्हणतो. १८७० चा मोने अजून तिथवर आलेला नाही. त्या गडद रंगाने तो चित्राची उजवी बाजू खिळ्यासारखी ठोकून ठेवतो, त्यामुळेच डावीकडचं पांढरं फुलतं. दोघींच्या मधल्या वाळूत ना पांढरं ना काळं, नुसता मधला, भुरकट उजेड आहे.

आणि कामीयचा चेहरा? तो जवळजवळ नाहीच. टोपीची आणि छत्रीची सावली, दोन-तीन स्पर्श, डोळ्यांच्या जागी पुसट गडदपणा. लग्नाला जेमतेम काही आठवडे झालेल्या बायकोचं चित्र काढताना नवऱ्याने तिचा चेहरा एवढ्यावर सोडावा, याचं सुरुवातीला नवल वाटतं. पण उन्हात, छत्रीखाली बसलेल्या माणसाचा चेहरा आपल्याला तरी कितीसा दिसतो? डोळे मिचकावत बघितलं तर आधी पांढरा झगा दिसतो, मग टोपी, मग केव्हातरी चेहरा. मोने याच क्रमाने रंगवतो. तिचे डोळे कसे आहेत हे त्याला पाठ होतं. ते पाठ असलेलं त्याने बाजूला ठेवलं आणि त्या क्षणी जेवढं दिसलं तेवढंच घेतलं. मराठी विश्वकोशात इम्प्रेशनिझमसाठी ‘दृक्‌प्रत्ययवाद’ हा शब्द आहे. उच्चारायला जड आहे, पण त्यातला ‘प्रत्यय’ मला मोलाचा वाटतो. वस्तू कशी आहे ते सांगणं वेगळं आणि तिचा डोळ्यांना काय प्रत्यय आला ते सांगणं वेगळं. मोनेच्या गटाचं पहिलं प्रदर्शन पॅरिसमध्ये १८७४ च्या एप्रिलमध्ये भरलं, तिथे टीकाकारांच्या थट्टेतून ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव रूढ झालं. त्रूव्हीलचं हे चित्र त्याच्या चार वर्षं आधीचं. नाव पडायच्या आत गोष्ट घडून गेली होती.

आता ती मधली खुर्ची. माणसं धूसर, आकाश धूसर, पण खुर्ची मात्र ठामपणे काढलेली आहे. गडद, सरळ रेघा, पाठीच्या आडव्या पट्ट्या, त्यांतून दिसणारी वाळू. चित्रातली सगळ्यात स्पष्ट वस्तू म्हणजे कुणी न बसलेली खुर्ची. तिच्यावर काहीतरी अडकवलेलं आहे. अभ्यासकांना त्यात लहान मुलाचा, वाळत टाकलेला बूट दिसतो. मोने-कामीयचा मुलगा झाँ त्या ऑगस्टमध्ये तीन वर्षांचा होणार होता. तो चित्रात कुठेच नाही. पण तो बूट खरंच त्याचा असेल, तर साऱ्या दुपारवर त्याचाच अंमल आहे. तो अनवाणी कुठेतरी पाण्याच्या कडेला असणार, आणि तीन वर्षांच्या मुलाला घेऊन समुद्रावर गेलेल्या कुणालाही माहीत आहे, की अशा वेळी आईचं स्वस्थ बसणं किती मिनिटांचं असतं. कामीयच्या त्या शांत बसण्यात मला कायमची शांतता दिसत नाही. तेवढ्यात मिळालेली उसंत दिसते. आणि नवऱ्याचा कुंचला एवढ्या घाईत का आहे, तेही मग कळतं. उजेड हलण्याआधी पोरगं परत येणार असतं.

ही उसंत फुकटची नव्हती. त्या वर्षीच्या सलाँने मोनेची चित्रं नाकारली होती, आणि डोक्यावर कर्ज होतं. २८ जूनला पॅरिसमध्ये त्याने कामीयशी रीतसर लग्न केलं आणि तिघं त्रूव्हीलला आली. उतरली ती हॉटेल तिव्होलीत. श्रीमंतांचं हॉटेल वेगळं होतं, ‘रोश न्वार’, समुद्राला तोंड करून उभं. मोनेने त्याचंही चित्र त्याच उन्हाळ्यात केलं. पुढे फडफडणारा भलामोठा झेंडा, तोही मोजक्या फटकाऱ्यांत, मधे कोरा कॅनव्हास सोडून. श्रीमंतांचा किनारा तो बाहेरून बघत होता. कामीयच्या अंगावरचा पांढरा पोशाख बघून त्या वर्षी कुणालाही वाटलं असतं, की ही बाई ‘रोश न्वार’ मध्ये उतरली असेल.

त्याच उन्हाळ्यात, १९ जुलैला, फ्रान्सने प्रशियाशी युद्ध पुकारलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला सेदाँला फ्रेंच सम्राटच शत्रूच्या हाती लागला. शरद ऋतूत मोने इंग्लंडला निघून गेला. लंडनमध्ये त्याला चित्रकार पिसारो भेटला, आणि पुढे या चित्रकारांना तारणारा चित्रविक्रेता पॉल द्युराँ-र्‍युएलही तिथेच भेटला. हप्त्याने चित्र घेणारा बाझीय मात्र सैन्यात दाखल झाला आणि २८ नोव्हेंबरला लढाईत मारला गेला. तो तिशीचाही नव्हता. यातलं काहीच चित्रात नाही. मग हे चित्र बेफिकीर म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. देशावर काहीही कोसळो, दुपारी कुणीतरी मुलाला समुद्रावर नेतंच, ओला बूट कुठेतरी वाळत घालतंच. इतिहासाच्या पुस्तकात ही दुपार येणार नव्हती. तिची जागा या पाटाएवढ्या कॅनव्हासवरच होती.

एक मात्र मान्य करायला हवं. हा रोजचा दिवस सगळ्यांचा नव्हे. त्रूव्हीलमध्ये मासे मारणारी, कपडे धुणारी माणसंही होती, ती या चौकटीत नाहीत. बूदँला स्वतःलाच आपल्या नटव्या, रिकामटेकड्या गिऱ्हाइकांची चित्रं काढण्याची टोचणी लागली होती, आणि त्याने तिथल्याच तूक नदीच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायकांचीही चित्रं केली. पुढे १८७५ मध्ये मोनेच्याच गटातल्या बेर्त मोरिझोने उघड्या माळावर दोऱ्यांवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका रंगवल्या. त्या चित्रात पांढरं कापड कुणाच्या अंगावर नाही, दोरीवर आहे आणि त्यामागे हात आहेत. कामीयच्या झग्यातला उजेड आणि मोरिझोच्या दोरीवरचा उजेड एकच, पण तो बघायला बसण्याच्या जागा दोन.

वाळूच्या कणांवरही फार भाबडा विश्वास ठेवू नये. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात व्हॅन गॉगचं ऑलिव्हच्या झाडांचं एक चित्र आहे. त्याच्या रंगात एक नाकतोडा सापडल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. लोकांना वाटलं, रंगात अडकून बिचारा तडफडला असेल. तपासल्यावर दिसलं, की त्याच्या धडाचा भाग नव्हता आणि रंगात धडपडीची खूण नव्हती. तो चिकटला तेव्हा आधीच मेलेला होता. कणांवरून एवढंच ठरतं, की चित्रकार बाहेर बसला होता आणि वारा होता. बाकीचं चित्रालाच सांगावं लागतं. मोनेचं चित्र ते सांगतं, म्हणून वाळूला किंमत आहे. नुसती वाळू तर कुठल्याही चपलेत असते.

कामीय १८७९ मध्ये गेली, बत्तिसाव्या वर्षी. बूदँची बायको त्यानंतर दहा वर्षांनी गेली. १८९७ च्या जुलैमध्ये म्हाताऱ्या बूदँने मोनेला एक पत्र लिहिलं. तोवर मोने नावारूपाला आलेला, जिव्हर्नी या गावी बाग करून राहिलेला. बूदँला तिव्होली हॉटेलातली कामीय अजून दिसत होती. त्या दिवसांतलं आपलं एक रेखाटन त्याने जपून ठेवलं होतं. त्यातल्या दोन बायका आता हयात नाहीत, एक तुझी आणि एक माझी, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. पुढच्याच वर्षी तोही गेला.

त्या रेखाटनात आणखी कोण होतं हेही त्याने सांगितलं आहे. मोने जमिनीवर बसलेला. आणि छोटा झाँ, वाळूत खेळणारा.